कुलुपाच्या नटाची चावी मोडल्यास चाक कसें काढावें?

आपल्याकडील शेतकऱ्याच्या दारांत बैलगाडीच्या जोडीस ट्रॅक्टर, पिकअप आणि मोटरगाडी हीं वाहनें आतां येऊन उभीं राहिलीं आहेत. बैलगाडीचें चाक काढावयाचें म्हणजे गाडीस टेकू देऊन आंसाची खीळ उपसण्याएवढेंच काम असे. तें घरचा कोणीहि गडी करी. मोटरीचें चाक काढणें हेंहि मुळांत फारसें अवघड काम नव्हे. चार-पांच नट सैल करावे, जॅक लावून गाडी उचलावी आणि चाक ओढून घ्यावें, कीं काम झालें. परंतु पुष्कळ गाड्यांच्या प्रत्येक चाकास एक नट असा बसविलेला असतो कीं, तो साध्या पान्यानें फिरत नाहीं. त्यास त्याचीच स्वतंत्र चावी लागते. ती चावी हरवली किंवा ऐन वेळीं मोडली, म्हणजे हवा भरलेलें जादा चाक गाडींत असूनहि गाडी जागच्या जागीं खिळून राहते.

ही अडचण घरीं, सवडीच्या वेळीं येईल तर तिचें कांहींच वाटणार नाहीं. पण पंक्चर होतें तें रस्त्यावर. नारायणगांवाकडील टोमॅटो किंवा लासलगांवाकडील कांदा घेऊन मालक रात्रीं निघाला, अगर घरचें आजारी माणूस गाडींत घालून तालुक्याच्या गांवीं चालला, आणि अशा वेळीं चाक बसलें, तर एका बोटाएवढ्या नटापायीं सगळा बेत फसतो. नाशवंत मालास तर थांबणें म्हणजे नुकसानच. मग मनुष्य घाई करतो, हातीं लागेल तो हातोडा घालतो, दांड्यावर पाय देऊन उड्या मारतो, किंवा जवळच्या वर्कशॉपांतून गॅसची बत्ती मागवून नट तापवावयास लागतो. ह्यांतील शेवटचा उपाय जिवावर बेतणारा आहे, आणि तो कसा हें ठाऊक नसल्यामुळेंच तो केला जातो. म्हणून ह्या नटाची रचना, तो अडकण्याचीं कारणें, तो काढण्याचे उपाय व तो पुन्हां अडकूं नये म्हणून घ्यावयाची काळजी, ह्यांचा विचार येथें क्रमानें केला आहे.

नटाची रचना

अलॉयचें चाक, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचें ओतीव चाक, किंमतीचें असतें आणि साधा पाना जवळ असलेल्या चोरास तें थोडक्या वेळांत काढून नेतां येतें. ह्या चोरीस आळा बसावा म्हणून कुलुपाचा नट निघाला. वर्कशॉपांत ह्यास लॉक नट असेंहि म्हणतात. साधा नट षट्कोनी असून त्याच्या सहा कडांवर पाना बसतो. कुलुपाच्या नटाचें डोकें बाहेरून गोल व गुळगुळीत असतें. पान्यास पकडावयास कड म्हणून नसते. त्याच्या तोंडावर मात्र एक वेडीवांकडी खांच किंवा कंगोऱ्यांची नक्षी कोरलेली असते. त्याच नक्षीची उलट प्रत ज्या लहानशा पोलादी तुकड्यावर असते, तो तुकडा म्हणजे चावी. चावीचें एक तोंड नटांत बसतें. दुसरें तोंड षट्कोनी असून त्यावर नेहमींचा चाकाचा पाना बसतो. कांहीं जातींच्या नटांत डोक्याभोंवतीं एक मोकळें कडेंहि असतें. बाहेरून पकडून फिरवूं गेल्यास कडें नुसतें गरगर फिरतें आणि आंतील नट हलत नाहीं.

ह्या रचनेंतच चावीचें वर्म आहे. साध्या नटावर पान्याचा जोर सहा रुंद कडांवर वांटला जातो. कुलुपाच्या नटांत तोच सगळा जोर चावीच्या बारीक कंगोऱ्यांस सोसावा लागतो. शिवाय चावीचें पोलाद कडक केलेलें असतें. कडक पोलाद झिजत नाहीं, पण झटका बसला तर वांकण्याऐवजीं तुटतें. म्हणून सावकाश व एकसारखा जोर चावी सोसते, ठोक्यांचा मारा सोसत नाहीं.

कांहीं गाड्यांत चाकाच्या तुंब्यांतून, ज्यास मोटरींत हब म्हणतात, स्टड बाहेर आलेले असतात व त्यांवर नट बसतात. कांहीं गाड्यांत स्टड नसून बोल्टच हबाच्या आट्यांत जाऊन बसतात. आपल्या गाडीस यांपैकीं कोणती रचना आहे हें मालकानें आधींच पाहून ठेवावें. कारण पुढें सांगितलेला छिद्र पाडण्याचा उपाय करतांना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

नट अडकतो कां?

नट किती आवळावा ह्यास माप आहे. दांड्याची लांबी व त्यावरील जोर यांच्या गुणाकारानें तें सांगतात. साधारण मोटरगाडीच्या चाकाचा नट ९० ते १२० न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारें ९ ते १२ किलोग्रॅम-मीटर इतका आवळणें पुरेसें असतें. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो. हा आंकडा ११ किलोग्रॅम-मीटर धरला, तर अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोंकास २२ किलो जोर लावला कीं नट हवा तितका आवळला. एवढा जोर सामान्य मनुष्याचे दोन हात सहज लावतात. आतां सत्तर किलो वजनाचा मनुष्य त्याच दांड्यावर उभा राहिला, तर नटावर ३५ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे जरुरीच्या तिप्पट ताण पडतो. पंक्चरच्या दुकानांतील हवेच्या गनेची गोष्ट तर त्याहूनहि पुढची आहे. अर्ध्या इंची चांगल्या गनेचा जोर ५०० न्यूटन-मीटर व त्याहून अधिकहि असतो, आणि तो ती शेंकडों ठोक्यांच्या रूपानें देते. दुकानदार घाईंत गन लावून नट बसवितो, मालक पैसे देऊन निघून जातो, आणि सहा महिन्यांनीं रस्त्यावर तोच नट हातानें सोडवूं पाहतो. चावी मोडते ती त्या दिवशीं. पण ती मोडण्याचें कारण सहा महिन्यांपूर्वीं घडून गेलेलें असतें.

दुसरें कारण गंज. नट आवळतांना लागणाऱ्या जोरापैकीं सुमारें निम्मा जोर नटाच्या बैठकीवरील घर्षणांत आणि शेंकडा चाळीस आट्यांच्या घर्षणांत खर्च होतो. चाक दाबून धरण्यास प्रत्यक्ष शेंकडा दहाच उरतो. ह्यावरून बैठकीवर व आट्यांत थोडासा गंज चढला तरी नट किती घट्ट होतो हें ध्यानांत येईल. आपल्या धंद्यांत गंजास निमित्तें पुष्कळ. कोंकणांतील खारी हवा, चिखलणीच्या वेळीं चाकांत शिरणारें पाणी, आणि गोण्यांतून सांडणारें म्युरिएट ऑफ पोटॅशसारखें क्षारमय खत, हीं सर्व लोखंड खातात. त्यांत ॲल्युमिनियमचें चाक व पोलादी नट अशा दोन निराळ्या धातू एकत्र येऊन त्यांमध्यें खारट ओल राहिली, तर तेथें विजेच्या घटासारखी क्रिया चालू होते व ॲल्युमिनियमवर पांढरी बुकटी चढून नट चाकास चिकटून बसतो.

तिसरें कारण अगदीं किरकोळ दिसतें, पण तेंच पुष्कळदां चावीचा घात करतें. नटाच्या खांचेंत चिखल व बारीक खडी भरून वाळते. मग चावी पुरती आंत जात नाहीं. अर्धवट टेकलेल्या कंगोऱ्यांवरच सगळा जोर पडतो व ते तुटतात.

प्रथम काय पाहावें?

चावी मोडली असें दिसतांच नटाशीं झटापट करावयास लागूं नये. आधीं पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट ही कीं, चाक काढणें खरोखर जरूर आहे काय? बहुतेक नव्या मोटरगाड्यांस ट्यूब नसलेले टायर असतात. अशा टायरांत खिळा घुसला असेल व भोंक टायरच्या जमिनीवर टेकणाऱ्या जाड भागांत असेल, तर चाक न काढतां, गाडी पुढें-मागें सरकवून भोंक समोर आणावें आणि दोरीसारखी रबरी पट्टी त्यांत दडपून तें बंद करावें. पंक्चरवाले हें काम नेहमीं करतात. त्याचें सामान व गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंपहि विकत मिळतो. टायरची बाजू फाटली असेल तर मात्र हा उपाय चालत नाहीं. पुष्कळ प्रसंगीं नटाची अडचण अशा रीतीनें दुसऱ्या दिवसावर ढकलतां येते, आणि रात्रीं रस्त्यावर तेंच शहाणपणाचें असतें.

दुसरी गोष्ट जागेची. गाडी शक्य तितक्या सपाट व कठीण जमिनीवर घ्यावी, हातब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्यें ठेवावी आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांस पुढून व मागून दगड लावावे. रस्त्यावर असल्यास इशाऱ्याचे दिवे लावून, मागें कांहीं अंतरावर त्रिकोणी खूण ठेवावी. नट सोडविण्याचे सर्व प्रयत्न चाक जमिनीवर टेकलेलें असतांनाच करावे. जॅकवर उचललेल्या गाडीच्या नटावर जोर केला तर गाडी जॅकवरून घसरते. गाडी उचलण्याची वेळ येईल तेव्हां शेताच्या भुसभुशीत जमिनींत जॅकखालीं जाड फळी ठेवावी, आणि केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीहि शिरूं नये.

तिसरी गोष्ट, मोडलेल्या चावीचा तुकडा नटाच्या खांचेंत अडकला आहे काय, हें दिव्याच्या उजेडांत पाहावें. असल्यास तो टोंकदार दाभणानें किंवा लोहचुंबकानें आधीं बाहेर काढावा. तो आंत असतांना दुसरी चावी बसणार नाहीं.

चौथी गोष्ट, नट कोणत्या दिशेस सुटतो. जवळजवळ सर्व नव्या गाड्यांचे नट घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेस सुटतात. परंतु जुन्या विलीस जातीच्या जीपगाड्यांस व कांहीं जुन्या अवजड मोटारींस डाव्या अंगाच्या चाकांवर उलट आट्यांचे नट असत. अशी जुनी जीप अजून वापरांत असल्यास डाव्या बाजूचा नट सोडविण्यापूर्वीं हें पाहून घ्यावें. नाहीं तर सोडवितों असें समजून मनुष्य नट आवळीतच बसतो.

उपाय, सौम्यापासून कठोराकडे

वैद्य जसा आधीं पथ्य, मग औषध आणि शेवटीं शस्त्र घेतो, तसाच क्रम येथें ठेवावा. एक पायरी सोडून पुढच्या पायरीवर उडी घेतल्यास पहिल्या पायरीवर परत येतां येत नाहीं. कारण ठोकून चेंदलेल्या नटांत नवी चावीहि बसत नाहीं.

पहिला उपाय नव्या चावीचा. चावीच्या अंगावर किंवा तिच्याबरोबर आलेल्या कार्डावर बहुधा एक क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून गाडीच्या अधिकृत विक्रेत्याकडून तशीच दुसरी चावी मागवितां येते. क्रमांक सांपडत नसेल तर नटाच्या तोंडाचें स्पष्ट छायाचित्र घेऊन विक्रेत्याकडे जावें. मोठ्या वर्कशॉपांत निरनिराळ्या नक्षींच्या चाव्यांचा संच ठेवलेला असतो. गाडीचीं कागदपत्रें बरोबर न्यावीं, म्हणजे मालकीविषयीं शंका राहणार नाहीं. गाडी घरीं असेल तर कांहीं दिवस थांबून हाच उपाय करावा. ह्यांत चाकास, स्टडास किंवा हबास कांहींच इजा होत नाहीं.

दुसरा उपाय, चावीस तडा गेला असून ती अजून बसत असेल किंवा नवी चावी मिळूनहि नट सुटत नसेल तेव्हां करावा. नटाची खांच तारेनें कोरून व फुंकून स्वच्छ करावी. नटाच्या बैठकीभोंवतीं गंज सोडविणारें पातळ तेल थेंब-थेंब सोडावें आणि निदान अर्धा तास, सवड असल्यास रात्रभर, तें मुरूं द्यावें. पुष्कळ नटांचें तोंड पुढून बंद असल्यामुळें तेल आट्यांपर्यंत पोहोंचत नाहीं. तरी निम्मी पकड बैठकीचीच असते, म्हणून हा श्रम वायां जात नाहीं. तेल ब्रेकच्या तबकडीवर मात्र पडूं देऊं नये. मग चावी नटांत पुरती बसवून तिच्यावर हातोड्याचे दोन-चार हलके ठोके द्यावे. त्यानें ती घट्ट बसते व गंजाची पकडहि थोडी ढिली होते. बाजूचे साधे नट ह्या वेळीं आवळलेलेच ठेवावे. ते आधीं सैल केले तर चाकाचा सगळा ताण कुलुपाच्या नटावर येतो. ह्यासाठींच कुलुपाचा नट काढतांना सर्वांत आधीं काढावा व बसवितांना सर्वांत शेवटीं आवळावा असा नियम आहे.

आतां लांब दांड्याचा पाना लावावा. दांडा चाकाकडे तोंड करून उभें राहिलें असतां डाव्या हातास आडवा यावा. उजव्या तळहातानें चावी आंत दाबून धरावी आणि डाव्या हातानें दांडा सावकाश खालीं दाबावा. जोर हळूहळू वाढवावा. झटका देऊं नये. मदतीस दुसरा मनुष्य असल्यास एकानें चावी दाबावी व दुसऱ्यानें दांडा. नट न हलल्यास एकदां किंचित् आवळण्याच्या दिशेस व मग सोडण्याच्या दिशेस, असा जोर पाळीपाळीनें लावावा. गंजाचा थर तुटला म्हणजे एक कुरकुर ऐकूं येते. तीच शुभवार्ता समजावी.

तिसरा उपाय लहान गोटीचा. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारी पान्याची पोकळ नळी. नटाच्या गोल डोक्याहून किंचित् लहान मापाची, आंतून बारा कोनांची, पातळ भिंतीची जुनी गोटी घ्यावी. ही गोटी खराब होणार हें धरूनच चालावें. ती नटाच्या डोक्यावर सरळ धरून जड हातोड्यानें ठोकून बसवावी. तिचे कोन नटाच्या अंगांत रुततात. मग लांब दांडा लावून सावकाश फिरवावें. ठोकतांना डोळ्यांवर चष्मा असावा. कडक पोलादाची कपची उडते, आणि ती डोळ्यांत गेली तर डोळा जातो. नट निघाल्यावर गोटीच्या मागच्या चौकोनी भोंकांतून सळई घालून ठोकल्यास आंतील नट बाहेर पडतो. डोक्याभोंवतीं मोकळें कडें असेल तेथें मात्र गोटी कड्यासह फिरत राहील. तें कडें आधीं छिन्नीनें चिरून काढावें लागतें.

चौथा उपाय ह्याच जातीचा, पण अधिक खात्रीचा. आंतून पीळ असलेल्या खास गोट्या ह्याच कामासाठीं मिळतात. त्यांचा पीळ असा असतो कीं, सोडण्याच्या दिशेस जितका जोर करावा तितकी गोटी नटास अधिकच चावते. साधी गोटी जेथें घसरते तेथें ही टिकते. असा एक संच एकट्यादुकट्यानें घेण्यापेक्षां गांवच्या सोसायटीनें किंवा पांच-दहा गाडीवाल्यांनीं मिळून घेऊन ठेवावा.

पांचवा उपाय छिन्नीचा. नट पोलादी चाकावर असून त्याचें डोकें उघडें असेल तरच हा करावा. डोक्याच्या कडेवर छिन्नीनें आधीं एक खांच पाडावी, मग छिन्नी तिरपी धरून नट सुटण्याच्या दिशेस ठोके द्यावे. अलॉयच्या चाकांत नट खोल खळग्यांत बसलेला असतो. तेथें छिन्नी चालवूं गेल्यास नटाऐवजीं चाकच फुटावयाचें.

सहावा व शेवटचा उपाय छिद्र पाडण्याचा. हा कुशल कारागिराकडूनच करवावा. नटाच्या बरोबर मध्यावर खूण ठोकून प्रथम बारीक व नंतर क्रमानें मोठें छिद्र पाडीत जातात; शेवटीं नटाची पकड सुटते अथवा स्टडच कापला जातो. नटाचें तोंड कडक असल्यामुळें कोबाल्ट मिसळलेल्या पोलादाचें ड्रिलचें पातें लागतें व तें घसरूं नये म्हणून वेग कमी ठेवावा लागतो. स्टड गेला तर तो हबांतून मागें ठोकून काढून नवा बसवितां येतो. खर्च फारसा नसतो. पण गाडीस स्टड नसून बोल्ट असतील, तर छिद्र तिरपें गेल्यास हबाचे आटे बिघडतात व सगळें हब बदलण्याचा प्रसंग येतो. कारागिरास ही गोष्ट आधींच सांगावी.

अग्नीचा उपाय सर्वथा वर्ज्य

तापविलेलें लोखंड प्रसरण पावतें व गंज सुटतो, हें खरें आहे. नांगराचा किंवा मोटेच्या चाकाचा गंजलेला बोल्ट लोहार असाच सोडवितो. त्यावरून चाकाच्या नटासहि गॅसची बत्ती लावण्याची किंवा त्यावर दुसरा नट वेल्डिंगनें जोडण्याची चाल पडली आहे. परंतु नांगरास टायर नसतो. चाकाची धातु तापली म्हणजे तिला लागून असलेलें टायरचें रबर आंतल्या आंत जळूं लागतें व त्यांतून पेट घेणारे वायु निघतात. टायरांतील हवेशीं त्यांचें मिश्रण होऊन भडका उडाला, तर टायर बॉम्बसारखा फुटतो. समोर बसलेल्या मनुष्यास बचावाची संधि मिळत नाहीं. बाहेरून टायर धडधाकट दिसत असतां आंत ही क्रिया चालूं राहते, आणि बत्ती बंद केल्यावर कांहीं वेळानेंहि स्फोट होऊं शकतो.

हवा सोडली म्हणजे भय गेलें, असें पुष्कळ कारागीर समजतात. तें बरोबर नाहीं. हवा सोडलेल्या टायरांतहि हवा शिल्लक असते, आणि स्फोटास तेवढी पुरते. ट्रॅक्टरच्या मागील मोठ्या टायरांत तर हवेचें आकारमान इतकें असतें कीं, त्याच्या फुटण्याचा तडाखा फारच भयंकर होतो. शिवाय अलॉयचें चाक उष्णतेच्या क्रियेनें बळकट केलेलें असतें. पुन्हां तापविल्यास तें बळ जातें. लोखंड लाल होऊन तापल्याची सूचना देतें, ॲल्युमिनियम देत नाहीं; म्हणून चाक कमजोर झालें हें डोळ्यांस दिसत नाहीं, तें पुढें भरधाव गाडींत कळतें. ह्यास्तव टायर चढविलेल्या चाकावर बत्ती किंवा वेल्डिंग करूं नये व करूं देऊं नये. कारागीर आग्रह करूं लागला तर गाडी दुसरीकडे न्यावी.

नट निघाल्यानंतर

नट निघाला तरी चाक कधीं कधीं हबास चिकटलेलें राहतें. अशा वेळीं टायरच्या बाजूवर लांकडी ठोकळ्यानें आळीपाळीनें दोन्ही अंगांस ठोकावें. धातूच्या भागावर हातोडा मारूं नये. चाक निघाल्यावर हब व चाक जेथें एकमेकांस टेकतात ती जागा तारेच्या ब्रशानें घांसून स्वच्छ करावी व हबाच्या मधल्या उंचवट्यास ग्रीसचें अगदीं पुसट बोट लावावें. स्टडाचे आटे घांसून कोरडे ठेवावे. त्यांस तेल किंवा ग्रीस लावण्याची पुष्कळांस संवय असते. परंतु घर्षण कमी झाल्यामुळें तेवढ्याच जोरानें नट कितीतरी अधिक ताणला जातो व स्टड लांबतो. पुस्तिकेंत तसें स्पष्ट सांगितलें असेल तरच आट्यांस वंगण द्यावें.

एका चाकाचा नट मोडून काढावा लागला असेल, तर उरलेल्या तीन चाकांचे कुलुपाचे नटहि त्याच वेळीं काढून टाकावे. त्यांची चावी मोडकी किंवा जुनीच असते, आणि तेच संकट पुन्हां येण्याची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. त्यांच्या जागीं नवा संच बसवावा, किंवा साधे नट बसवावे. ज्याची गाडी रात्रीं घरच्या आवारांत उभी राहते व जिचीं चाकें साधीं पोलादी आहेत, त्यास कुलुपाच्या नटाची गरजच नाहीं. शहरांत रस्त्यावर गाडी ठेवावी लागणाऱ्यास व किंमती चाकें बसविणाऱ्यास त्याचा उपयोग आहे. कुलूप जितक्या मोलाच्या वस्तूस लावावयाचें तितकीच त्याची दगदग सोसावी.

पुढील काळजी

ह्या सर्व खटाटोपापेक्षां थोडी नियमित काळजी पुष्कळ स्वस्त पडते. ती येणेंप्रमाणें:

१. कुलुपाच्या नटास हवेची गन कधींहि लावूं देऊं नये, सोडवितांनाहि नाहीं आणि आवळतांनाहि नाहीं. पंक्चरवाल्यास हें आधीं सांगावें व काम होईपर्यंत जवळ उभें राहावें.

२. नट हातानें, शक्य तर माप दाखविणाऱ्या टॉर्क पान्यानें आवळावे. एकामागून एक असे न आवळतां समोरासमोरचे आवळीत जावें, म्हणजे चाक सरळ बसतें. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर एकदां पुन्हां तपासावे.

३. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व पावसाळा सरल्यावर, प्रत्येक चाकाचे नट एकदां सोडून, स्वच्छ करून पुन्हां मापानें आवळावे. चिखलणी किंवा उसाची वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या साध्या नटांसहि हा नियम लागू आहे. तेहि गंजूनच अडकतात, आणि तेहि वर सांगितलेल्या क्रमानेंच सोडवावे.

४. चावी गाडींत एका ठरलेल्या जागीं, जॅक व पान्याबरोबर ठेवावी. वर्कशॉपांतून गाडी परत घेतांना ती जागेवर आहे हें पाहूनच निघावें. चावी हरवते ती बहुतकरून तेथेंच.

५. चावीचा क्रमांक घरच्या वहींत लिहून ठेवावा, व गाडी चांगली चालत असतांनाच दुसरी चावी करवून घरीं ठेवावी.

चाक काढतां येणें ही गाडी चालवितां येण्याइतकीच आवश्यक विद्या आहे. गाडी घेतली त्याच आठवड्यांत एखाद्या सकाळीं अंगणांत चारी चाकांचे नट एकेकदां सोडून पाहावे, आणि घरांतील जे जे गाडी चालवितात त्यांच्याकडूनहि तें काम करवून घ्यावें. जो नट अंगणांत हातानें सुटला, तो घाटांत रात्रींहि सुटेल. आणि जो अंगणांत सुटत नाहीं, त्याचा बंदोबस्त दिवसाउजेडीं, सवडीनें व जिवास धोका न होतां करतां येईल. आमच्या शेतकरी बंधूंनीं पुढचा पावसाळा लागण्यापूर्वीं एवढी एक परीक्षा अवश्य करून पाहावी.